भाचीनं फोन मला केला, आईला नाही

मे महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस एकच विषय चालला होता. 'डेटिंग अ‍ॅपमुळं पोरं बिघडली' असा एक लांबलचक मेसेज कुणीतरी फॉरवर्ड केला आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या काकांपासून पुण्यातल्या वहिनींपर्यंत सगळ्यांनी त्याला हात जोडले. मी हॅम्बुर्गमधनं वाचत होते, गप्प बसले.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. इथं रात्रीचे नऊ, म्हणजे कोल्हापुरात साडेबारा. पलीकडच्या खोलीत ताई-दाजी झोपलेले, म्हणून ती कुजबुजत होती. अ‍ॅपवर ओळख झालेला एक मुलगा 'तुझं चॅट बाबांना पाठवतो' म्हणून पैसे मागत होता. दोनदा तिनं दिलेही होते, क्लासच्या फीमधनं. "मावशी, आईला सांगू नकोस," हे तिचं पहिलं वाक्य. (हे तिला विचारूनच लिहितेय.)

मी ते चॅट वाचलं. मिसळ कुठली चांगली, रंकाळ्यावर कधी भेटायचं, एवढंच. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. घरात माहीत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्या मुलाचा धंदा चालला होता. आणि ती भीती त्यानं नाही, आम्ही घरच्यांनी तिच्या मनात घातली होती.

माझ्या ऑफिसात शेजारी बसणारी मैत्रीण डब्याच्या वेळी सूप गरम करता करता फोन पुढं करते, "हा कसा वाटतो?" संध्याकाळी त्याला भेटायला जाताना बहिणीला लाइव्ह लोकेशन पाठवते. तिला कुणी असं धमकावलं असतं, तर तिनं ते चॅट आमच्या अख्ख्या टेबलाला दाखवलं असतं.

इथं सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. तीच मैत्रीण तीन वर्षांत थकून गेलीय. पन्नास जणांशी बोलणं, एकाशी भेट ठरणं, आणि तोही ऐनवेळी गायब. गेल्या हिवाळ्यात ती तापानं पडली तेव्हा दार वाजवणारी मी एकटीच होते. कोल्हापुरात एव्हाना चार घरांतनं मऊ भात आला असता. ते मला रोज आठवतं. पण अमेरिकेत २०१७ साली जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के ऑनलाइन भेटलेली होती, असं समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड यांच्या पाहणीत दिसलं. आपल्याकडची पोरंही तिकडंच निघालीत, हात जोडून ती थांबणार नाहीत.

आणि लग्न जुळवायच्या साइटवर भाचीचं प्रोफाइल ताईनं स्वतः भरलंय. फोटो, उंची, पगार, जात, पोटजात. तिथनंही अनोळखी माणसंच फोन करतात, तेव्हा कुणाला पोरगी बिघडल्यासारखी वाटत नाही. म्हणजे अडचण फोनची नाही, अनोळखी माणसाचीही नाही. पोरगी स्वतः निवडतेय, ही आहे. आणि हे कुठं, तर ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय लग्नांना कायद्यानं मान्यता दिली, होळकरांच्या धनगर घराण्याशी आपल्या मराठा घराण्याची सोयरीक ठरवली, त्या कोल्हापुरात. दरवर्षी २६ जूनला दसरा चौकात पुतळ्याला हार घालायला आमचे काका पुढं असतात. जातीचा रकानाही तेच आधी बघतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

भाचीला मी सांगितलं, एक रुपयाही देऊ नकोस, चॅट पुसू नकोस, सकाळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार कर. आणि त्याच्या आधी आईला सांग. ती रडली. पण सकाळी चहाच्या वेळी तिनं सांगितलं. ताई आधी ओरडली, मग रडली. दाजी काहीच बोलले नाहीत. शर्ट घालून, गाडी काढून तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. पैसे अजून परत आलेले नाहीत, मेसेज मात्र त्या दिवसापासून बंद झाले.

रात्री ताईचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "दोन महिने पोरगी जेवत नव्हती, मला वाटलं परीक्षा आहे. मी एवढी शेजारच्या खोलीत, आणि तिनं तुला का गं सांगितलं?"

मी म्हटलं, "ताई, मी ओरडणार नाही हे तिला माहीत होतं."