पगार म्हणजे मीठ नव्हे!

आज मीटिंगमध्ये साहेबांनी परत ती मिठाची गोष्ट काढली. सॅलरी म्हणजे म्हणे रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं त्यावरनं, तर मंडळी खाल्ल्या मिठाला जागा. मार्चपासून इन्क्रिमेंट लटकलंय आणि वर हे ऐकायचं!

सॅलरीचं मूळ सॅलेरियम हा शब्द लॅटिन, साल म्हणजे मीठ, हे मान्य. पण सैनिकाच्या हातावर मीठ टेकवायचे याला जुना पुरावाच नाहीये, थोरला प्लिनी हा रोमन लेखक मिठाचं कौतुक करताना सॅलेरियमचा ओझरता उल्लेख करतो, त्यावर लोकांनी अख्खी गोष्ट रचली. सैनिकाच्या पगाराला शब्दच वेगळा होता, स्टिपेंडियम. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात वर्षाला २२५ दिनार, रोख चांदी, आणि त्यातूनच कपडे, हत्यारं, तंबूचा खर्च. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस गेल्या गेल्या पॅनोनिया या रोमन प्रांतातल्या पलटणींनी बंड केलं, त्यात एक तक्रार हीच, की दिवसाला १० तांब्याची नाणी पुरत नाहीत, पुरता एक दिनार द्या. हे बरं नाही सांगत कुणी मीटिंगमध्ये.

मला बाबा आठवले. पगार झाला की घरी यायच्या आधी वाण्याकडे जायचे, महिन्याची उधारी चुकती करायचे, वहीतल्या पानावर काट पडली की मगच चपला घराकडे वळायच्या.

इंग्रजीतला पे बघा ना. लॅटिन पाकारे, म्हणजे शांत करणं, पाक्स म्हणजे शांतता त्यातलाच, आणि पुढे अर्थ झाला देणेकऱ्याने पैसे देऊन सावकाराला शांत करणं. तोच शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत पे झाला आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे पगार. म्हणजे हिशोबाने बघितलं तर इथे वाणी आम्ही आहोत, महिनाभर काम उधारीवर देतो, एक तारखेला कंपनी वही मिटवते. वाण्याने कधी बाबांना म्हटलं नाही की उपकार मानतो तुमचे. आणि बाबांनीही त्याला मिठाची गोष्ट सांगून पुढच्या महिन्यावर ढकललं नाही.

साहेब तसे वाईट नाहीत हो, मागे मी आजारी होते तेव्हा स्वतः फोन करून रजा वाढवून दिली. त्यांनाही हे वरूनच कुणीतरी शिकवलं असणार, त्यांचंही इन्क्रिमेंट अडकलेलंच आहे.

आणि प्लीज, "नोकरी आहे हे नशीब समज" असं कुणी लिहू नका, ते आईने मगाशीच फोनवर ऐकवलंय.