भातखाचरातला मिथेन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पाणथळ माती आणि हवा यांच्यातील मिथेनच्या देवाणघेवाणीवर मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे: भातशेतीतून निघणाऱ्या मिथेनचे, म्हणजे हवा तापवणाऱ्या वायूचे, आकडे म्हणजे पाश्चात्त्यांनी आपल्या शेतकऱ्याच्या माथी मारलेला दोष आहे, चिखलावर प्लास्टिकचा डबा उपडा घालून देशाचा हिशेब मांडणे हास्यास्पद आहे, भात हवेतलाच कार्बन घेतो आणि हवेलाच परत करतो, मग बिघडते कुठे, आणि ऐन पावसाळ्यात खाचर सुकवा म्हणणाऱ्याने कोकणात येऊन ते करून दाखवावे.

पहिल्या आक्षेपाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. 1990 च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतीय भातशेतीच्या नावावर वर्षाला 3 कोटी 78 लाख टन मिथेन मांडला होता, आणि तो आकडा अमेरिका व युरोपमधील शेतांतल्या मोजण्या ताणून काढलेला होता. मात्र तो खोडला गेला कशाने, हे आपल्या प्रतिक्रियेत आलेले नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांतील भातशेतांत मोजणीची मोहीम झाली आणि उत्तर आले वर्षाला सुमारे 40 लाख टन. ही मोजणी ज्या साधनावर उभी होती ते साधन म्हणजे आपण ज्याची थट्टा केलीत तोच डबा. डब्यावर विश्वासच नसेल, तर अमेरिकेचा आकडा खोटा ठरवणारा पुरावाही आपल्या हाती उरत नाही.

आता त्या डब्याविषयी. तो नुसता चिखलावर पालथा घालत नाहीत. मोजणीच्या बऱ्याच आधी एक चौकट चिखलात रोवून ठेवलेली असते. तिच्या कडेच्या खाचेत पाणी भरतात, म्हणजे वरून पारदर्शक पेटी बसवली की सांध्यातून हवा निसटत नाही. आत रोपे उभीच असतात, हवा ढवळायला एक छोटा पंखा आणि तापमापक असतो. मग साधारण अर्ध्या तासात ठराविक अंतराने सिरिंजने हवेचे नमुने काढतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे हवेतले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतात. मिथेनची वाढ सरळ रेषेत असेल तर त्या रेषेच्या चढावरून उत्सर्जन काढतात. मध्येच उडी दिसली, तर बुडबुडा फुटला किंवा कुणाचा तरी पाय पडला असे समजून ती नोंद वेगळी काढावी लागते. लावणीला उतरलेल्या प्रत्येकाला चिखलात पाय दाबल्यावर वर येणारे बुडबुडे ठाऊक आहेत. त्यासाठीच मोजणाऱ्यांची ये-जा आधीच टाकून ठेवलेल्या फळ्यांवरून होते. पेटीमुळे आतली हवा तापते हा आपला मुद्दा रास्त आहे, आणि म्हणून ती तेवढ्यापुरतीच ठेवून लगेच उचलतात.

खरी अडचण पेटीत नाही, एका शेताचा आकडा दुसऱ्या शेताला लावण्यात आहे, आणि माझ्या लेखाचा रोख तोच होता. आपल्याला जे उत्सर्जन दिसते ती वजाबाकी असते: पाण्याखालच्या प्राणवायूविरहित चिखलात सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या मिथेनमधून, वरच्या पातळ थरात आणि मुळांभोवती दुसऱ्या सूक्ष्मजीवांनी खाऊन टाकलेला मिथेन वजा जाता जे उरते ते. भाताचे रोप दोन्ही बाजूंनी खेळते. त्याच्या पोकळ ऊतींतून प्राणवायू मुळांकडे उतरतो आणि मिथेनभक्षकांना बळ मिळते. त्याच पोकळीतून मिथेन धुराड्यातून निघावा तसा वर येतो, आणि भाताच्या शेतातला बहुतांश मिथेन याच वाटेने बाहेर पडतो. त्यात मातीचा स्वभाव मिसळतो. कोकणच्या जांभ्या मातीत लोह भरपूर असते. चिखलातले सूक्ष्मजीव आधी ते लोह वापरतात आणि तोवर मिथेनची निर्मिती दबलेली राहते. गोव्याच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीतून (बांधातल्या पाणदारातून) खाडीचे पाणी आत आले, की त्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्यांच्या तोंडचा घास पळवतात. पीक एकच, पाऊस एकच, तरी दोन शेतांचा हिशेब वेगळा. उलट, हेच खाचर एप्रिलमध्ये कोरडे पडले की हवेतला थोडा मिथेन शोषूही शकते. जगभरच्या कोरड्या जमिनी मिळून वर्षाला सुमारे 3 कोटी टन मिथेन असा शोषतात. ‘देवाणघेवाण’ म्हटले ते याच कारणाने.

कार्बन हवेतून आला आणि हवेत परत गेला, हे बरोबर. पण तो ज्या रूपात आला त्या रूपात परत गेला नाही. कार्बन डायऑक्साइड म्हणून आत गेलेला कार्बन मिथेन होऊन बाहेर पडतो, आणि वजनास वजन धरले तर मिथेन 100 वर्षांच्या हिशेबात सुमारे 27 पट आणि 20 वर्षांच्या हिशेबात सुमारे 80 पट उष्णता अडवतो.

राहता राहिला खाचर सुकवण्याचा प्रश्न. आषाढात कोकणातले खाचर सुकवा असे मी कुठेही लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही; वरच्या बांधावरून पाणी खाली उतरत असताना ते शेतकऱ्याच्या हातात नसते. आलटून-पालटून पाणी देण्याची पद्धत, ज्यात छिद्रे पाडलेली नळी जमिनीत पुरून पाणी 15 सेंटीमीटर खाली गेल्यावरच पुन्हा सोडतात आणि फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र पाणी हटू देत नाहीत, ती पाटाचे पाणी सोडणे-तोडणे हातात असलेल्या वायंगणी किंवा उन्हाळी भातासाठी आहे. तिथेही युरिया बेसुमार टाकला, तर सुकवण्याने नायट्रस ऑक्साइड हा उष्णता अडवणारा दुसरा वायू वाढून बराचसा फायदा धुपून जातो. पावसाळी खाचरात करण्याजोगी गोष्ट एवढीच, की लावणीच्या तोंडावर ताजा पेंढा चिखलात गाडू नये आणि शेणखत घालायचे ते पुरते कुजलेले घालावे. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना सगळ्यात जास्त खाद्य मिळते ते न कुजलेल्या काडीकचऱ्यातून.