इनामगावचा राजमा आणि ब्रह्मपुरीचा देव

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: 'इनामगावच्या उत्खननात 3500 वर्षांपूर्वीचा राजमा मिळाला. आपल्या ब्रह्मपुरीत तर रोमन देव मिळाला. म्हणजे कोलंबसाच्या आधीच आपली गलबतं अमेरिकेला जात होती, आणि सगळी कडधान्यं जगाला आपणच दिली.' राजमा मूळचा अमेरिकेतला, म्हणून ही उडी.

आधी इनामगाव. पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या या गावाच्या नावावर राजम्याची नोंद काही लेखांत आहे, हे खरं. पण मातीतून निघतो तो जळून कोळसा झालेला, फुगलेला, बहुधा साल गेलेला दाणा. उडीद की मूग हे ठरवायचं तर दाण्याचा डोळा, म्हणजे दाणा शेंगेला जोडलेला असतो तिथली खूण, बघतात. उडदाचा उठून दिसतो, मुगाचा चपटा. साल गेली की डोळाही गेला. मग फुटलेल्या डाळीत कोंबाची खूण शोधत बसायचं. त्यातून 1970 च्या सुमारापर्यंत मूग-उडीदसुद्धा वनस्पतिशास्त्रात राजम्याच्याच 'फॅसिओलस' गटात मोडायचे. जुन्या यादीत हे नाव दिसलं म्हणून लगेच राजमा समजायचं कारण नाही.

वयाचं काय? पेरूमधल्या गिटारेरो गुहेतला राजमा मातीच्या थरावरून जवळपास 10,000 वर्षांचा धरला जायचा. कॅप्लान आणि लिंच या संशोधकांनी 1999 मध्ये थेट दाण्यांचंच रेडिओकार्बन वय प्रसिद्ध केलं, तर ते सुमारे 4300 वर्षं निघालं. घुशीच्या बिळातून वरचा दाणा खालच्या थरात सहज जातो. राजम्याच्या माहेरी ही गत, तर इनामगावात नुसत्या थराच्या भरवशावर कसं राहायचं? शिवाय राजम्याची रानटी जात उत्तर मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत उगवते, आपल्या कुठल्याच डोंगरात नाही.

आता ब्रह्मपुरी. कोल्हापुरातल्या या ठिकाणी मिळालेला, टाउन हॉल म्युझियममधला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा कांस्यपुतळा अस्सल आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो रोमशी व्यापाराचा पुरावा झाला, अमेरिकेशी नव्हे. त्या व्यापाराच्या खुणा वाटेवरही सापडतात: इजिप्तच्या बेरेनिके बंदरात साडेसात किलो भारतीय मिऱ्यांनी भरलेला रांजण निघाला, आणि मूगही निघाले. अमेरिकेच्या वाटेवर असं एक तरी बंदर दाखवा की!

राहिली 'सगळी कडधान्यं'. चवळी पश्चिम आफ्रिकेची. घानातल्या किंताम्पो संस्कृतीच्या वस्त्यांत तिचे दाणे मिळाले आहेत. वाल-पावट्याचं मूळही आफ्रिकेतच. हरभरा आग्नेय तुर्कस्तानाकडचा, मसूर पश्चिम आशियातली. आपल्या खात्यावर मूग, उडीद, हुलगा आणि तूर. तुरीची रानटी भावंडं ओडिशा-बस्तरच्या पट्ट्यात आहेत. मूग आणि हुलगा तर बल्लारीजवळच्या संगनकल्लूला नवाश्मयुगीन शेतकऱ्यांच्या राखेत सापडले आहेत, साधारण 4000 वर्षांपूर्वीचे. हुलग्याचं माडगं खाणाऱ्या कोल्हापूरकरांना ही जागा फार लांबही नाही.