‘चार महिन्यांत वेग घटला’ या अभिप्रायास वर्गचालकाचे उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्याला आमच्या धावण्याच्या वर्गाचा अनुभव समाधानकारक वाटला नाही, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. ‘१३८ ठोक्यांच्या बेडीत चार महिने चालवले, जानेवारीपेक्षा मे महिन्यात वेग कमी, दरमहा १,५०० रुपये पाण्यात’ असे आपण लिहिले आहे. बेडी हा शब्द मी सोसतो. धावताना हृदयाचे ठोके मिनिटाला ‘१८० वजा वय’ याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, हे अमेरिकी प्रशिक्षक डॉ. फिल मॅफेटोन यांचे सूत्र आपल्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगितले होते, आणि सुरुवातीचे काही आठवडे चढावर चालावे लागेल, हेही त्याच वेळी सांगितले होते. मात्र ‘वेग कमी झाला’ हे वाक्य ज्या चाचणीवर उभे आहे, तिच्याबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

आकडे आपणच जाहीर केले आहेत, म्हणून मीही वहीतले देतो. जानेवारीची चाचणी आपण सकाळी साडेसहाला, स्वेटर घालून पंधरा मिनिटे अंग गरम केल्यानंतर दिली. ट्रॅकच्या साडेबारा फेऱ्या, म्हणजे ५ किलोमीटर, सरासरी ८ मिनिटे ५० सेकंद प्रति किलोमीटर. मार्चमध्ये त्याच वेळी, त्याच ट्रॅकवर, त्याच १३८ ठोक्यांवर ८ मिनिटे ५ सेकंद. या मार्चच्या आकड्याचा आपल्या अभिप्रायात उल्लेखही नाही. एप्रिलची चाचणी घरच्या लग्नामुळे राहिली, आणि मे महिन्यात आपण आलात तेव्हा आठ वाजून गेले होते. आदल्या रात्री वरातीतून उशिरा परतल्याचे आपणच हसत सांगितले होते. ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्याची आतली बाजू कोरडी राहिली तर नोंद भरकटते, म्हणून मी ती बाटलीतल्या पाण्याने स्वतः भिजवून दिली; पण सव्वाआठचे ऊन काही माझ्या हातात नव्हते.

वडोदऱ्याच्या मे महिन्यात अंग थंड ठेवण्यासाठी बरेचसे रक्त त्वचेकडे वळते, घामाने अंगातले पाणी घटते, प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढते. त्यामुळे ठोके १३८ वर धरून ठेवायचे तर पाय आवरावेच लागतात. तसेच झाले. पहिला किलोमीटर ८ मिनिटे २० सेकंदांत, पाचवा ९ मिनिटे ४० सेकंदांत, आणि सरासरी ९ मिनिटे २ सेकंद. जानेवारीचा पहिला किलोमीटर ८ मिनिटे ३५ सेकंदांचा होता. म्हणजे नीट अंग गरम न करता, अपुऱ्या झोपेवर, उन्हातही आपली सुरुवात जानेवारीपेक्षा १५ सेकंदांनी जलद होती. याला प्रगती म्हणायचे नाही तर काय म्हणायचे, हे मला खरोखर कळत नाही.

माझी चूक एवढीच, की त्या दिवशी ‘आज चाचणी नको’ असे मी ठामपणे सांगायला हवे होते. आपण आग्रह धरलात आणि मी भिडेस पडलो. वर संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर फक्त सरासरी पाठवली, किलोमीटरवार नोंद पाठवली नाही. तेवढ्यावरून आपला गैरसमज झाला असेल, तर तो दोष माझ्याकडे येतो.

दांडिया बाजारातला हा वर्ग हाच माझा चरितार्थ आहे. आपला अभिप्राय आल्यापासून दोन कुटुंबांनी चौकशी करून पुन्हा फोन केलेला नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पण ‘हळू पळवून पैसे उकळतात’ हे वाक्य मनाला लागले, एवढे मात्र खरे. यापुढे नोंदींच्या बाबतीत अधिक काळजी घेतली जाईल आणि वहीत तापमानाचाही रकाना ठेवू.

आपण पुन्हा एकदा चाचणी द्यावी, ही विनंती. तिचे शुल्क घेणार नाही. फक्त साडेसहापूर्वी यावे.

आपला विनम्र,
वर्गचालक