ॲडेनॉइडचं ऑपरेशन आणि कापराच्या तेलाचा तो मेसेज

"आई-वडिलांनो सावधान! डॉक्टर तुमच्या लेकराची संरक्षण ग्रंथी कापून फेकत आहेत!" अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-पुलगावकडच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतो आहे. पालकांच्या ग्रुपवर आला, शेतकरी गटावर आला, भजनी मंडळालाही कुणी तरी पाठवला. त्यात पाच दावे आहेत. ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागची गाठ, काढलं की रोगप्रतिकारशक्ती कायमची जाते. मुलाचा आवाज बिघडतो. भुलीनं डोकं मंद होतं. वय वाढलं की ते आपोआप जातंच, म्हणजे ऑपरेशन हा निव्वळ पैशाचा धंदा. आणि शेवटी रामबाण उपाय: मोहरीच्या तेलात कापूर उकळायचा, रोज रात्री दोन्ही नाकपुड्यांत दहा-दहा थेंब टाकायचे, 21 दिवसांत 'मांस विरघळून पडतं'. वर ठसका म्हणून 'आयुर्वेदात सांगितलेलं'.

असले मेसेज मी न वाचता उडवते. पण हा माझ्या भाचीच्या फोनवर पोचला आणि तिनं पाच वर्षांच्या पोराच्या ऑपरेशनची मिळालेली तारीख सोडून दिली. "मावशी, तेलानंच जाते म्हणते ना, मंग काहून कापाचं लेकराले?" हा तिचा प्रश्न. उत्तर तिला फोनवर दिलंच. इथे सगळ्यांसाठी लिहिते आहे.

आधी तेल, कारण बाकीचे दावे नुसते चुकीचे आहेत, हा मात्र लेकराच्या जिवावर बेतणारा आहे.

ॲडेनॉइड नाकपुडीत नसतं. नाकाच्या अगदी मागे, टाळूच्या वरच्या बाजूला, जिथे नाक संपून घसा सुरू होतो तिथे ही गाठीसारखी पेशींची गादी असते. टॉर्च मारून दिसत नाही. एक्स-रे काढावा लागतो किंवा दुर्बीण घालावी लागते. तो साचलेला शेंबूड नव्हे की तेलानं सुटून येईल. जिवंत मांस आहे ते. तेलानं विरघळायचं असतं तर रोज तेल चोपडून घेणाऱ्या बाळाचं अंगही विरघळलं असतं!

मग नाकात टाकलेलं तेल जातं कुठे? घशात, आणि झोपलेल्या लहान मुलात थेट श्वासनळीत. पाणी गेलं तर ठसका लागतो, तेलाचा ठसकाही नीट लागत नाही. ते गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि तिथे न्यूमोनिया करतं. मुलांच्या नाका-तोंडात तेल-तूप घालण्याच्या रिवाजामुळे होणारा हा न्यूमोनिया दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी पन्नास वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवला आहे. जंतूंचा नसल्यामुळे तो नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही.

त्यात कापूर. देवापुढे जाळायची वस्तू लेकराच्या नाकात! कापूर नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेतून अंगात भिनतो, घशातून पोटातही जातो, आणि लहान मुलांना त्यानं काही मिनिटांत झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाशी कापराचा बामसुद्धा लावू नका, असं बालरोगतज्ज्ञ उगाच बजावत नाहीत. इथे तर तीन आठवडे, रोज वीस थेंब, तेही त्या पोराला जे आधीच रात्री श्वासासाठी धडपडतं.

आणि आयुर्वेदाचं नाव घेणाऱ्यांनी निदान आयुर्वेद तरी उघडून पाहावा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा विसावा अध्याय नस्यावरच, म्हणजे नाकात औषध घालण्यावरच आहे. सात वर्षांखालच्या मुलाला नस्य देऊ नये, असं तिथे चक्क लिहिलं आहे. थोड्याशा थेंबांचा सौम्य 'प्रतिमर्श' तेवढा कोणत्याही वयाला चालतो, हेही तिथेच आहे. पण वीस थेंब कापूरतेल म्हणजे प्रतिमर्श नव्हे, हे कुठलाही वैद्य सांगेल. मेसेज लिहिणाऱ्यानं ना ॲलोपॅथी वाचली, ना आयुर्वेद.

आता 'वय वाढलं की आपोआप जातं'. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते, नाइलाजानं का होईना. ॲडेनॉइड साधारण पाच-सात वर्षांपर्यंत वाढतं आणि वयात येईस्तोवर आक्रसतं. म्हणून ॲडेनॉइड दिसलं की काप, असं कुठलाही शहाणा डॉक्टर करत नाही. नुसती वारंवार सर्दी होते एवढ्यासाठी ऑपरेशनचा फारसा उपयोगही नसतो. ॲलर्जी असेल तर नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या स्प्रेनं बऱ्याच मुलांना आराम पडतो. आपल्याकडे तर भाव वाढायची वाट पाहत कापूस झोपायच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवतात आणि त्याच ढिगाच्या पायथ्याशी लेकरांच्या गोधड्या पडतात. तूर काढली की अंगणात कुटाराचा धुरळा, आत चुलीचा धूर. अशा घरात आधी लेकराची झोपायची जागा बदलून पाहावी, हे मीही सांगेन.

पण थांबायचं कुणी आणि कुठवर? यावर अमेरिकेत एक नीट चाचणी झाली, 2013 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. झोपेत श्वास अडकणारी 5 ते 9 वर्षांची 464 मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले: एकाचं टॉन्सिल-ॲडेनॉइडचं ऑपरेशन लवकर केलं, दुसऱ्याला देखरेखीखाली थांबवलं. सात महिन्यांनी झोपेची तपासणी केली तेव्हा ऑपरेशनच्या गटात 79 टक्के मुलांची झोप सामान्य झाली होती. नुसतं थांबलेल्यांत 46 टक्के.

मेसेजवाले या 46 वर उड्या मारतील. मारू द्या. जवळजवळ अर्धी मुलं न कापता सुधारली, हे खरंच आहे, आणि लक्ष एकाग्र करण्याच्या परीक्षेत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही, हेही खरं. पण वागणूक, रात्रीची लक्षणं, एकूण जगणं ऑपरेशनवाल्यांचं जास्त सुधारलं. आणि मुख्य म्हणजे ज्यांचा ऑक्सिजन झोपेत बराच वेळ खाली राहतो, अशी मुलं या चाचणीत घेतलीच नव्हती. त्यांना थांबवून ठेवणं कुणालाच पटलं नसतं. थांबलेली मुलंही डॉक्टरांच्या नजरेखाली होती, कापूरतेलाच्या भरवशावर नव्हती.

भाचीचं पोरगं झोपलेलं मी पाहिलं आहे. मान मागे टाकलेली, तोंड उघडं. घोरता घोरता मधेच आवाज बंद पडतो. छाती हलते, बरगड्यांखाली खड्डा पडतो, पण हवा आत जात नाही. मग एकदम दचकून मोठा श्वास ओढतो, कूस बदलतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. सकाळी उशी घामानं ओली. याला 'गाढ झोप लागते पोट्ट्याले' म्हणणारी माणसं आमच्याच घरात आहेत.

दुसरं म्हणजे कान. ॲडेनॉइड कानाच्या नळीचं तोंड दाबतं, पडद्यामागे पाणी साचतं, ऐकू कमी येतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तोंड उघडं ठेवून बसणारी, हाक मारली तर शेजाऱ्याकडे पाहणारी मुलं दरवर्षी वर्गात असतात, आणि त्यांना 'ढ' म्हणून मागच्या बाकावर ढकलणारेही असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत-अंगणवाडीत येतं, तेव्हा त्यांना हे आवर्जून सांगा. वय वाढून ॲडेनॉइड आक्रसेल हो, पण पहिली-दुसरीची वर्षं कोण परत देणार?

रोगप्रतिकारशक्तीचं थोडक्यात. ॲडेनॉइड हे संरक्षणाच्या साखळीतलं एक ठाणं आहे, एकमेव नाही. टॉन्सिल, जिभेचं मूळ, मानेतल्या गाठी, आतडी, सगळीकडे तेच काम चालतं. डेन्मार्कमधल्या सुमारे बारा लाख मुलांच्या नोंदी तपासून 2018 साली एक अभ्यास आला. लहानपणी टॉन्सिल-ॲडेनॉइडची ऑपरेशनं झालेल्यांना पुढे श्वसनाचे काही आजार दोन ते तीन पटींनी जास्त दिसले. मेसेज बहुधा त्याचंच भूत करून उभा आहे. पण ज्यांना आधीच त्रास होता त्यांचीच ऑपरेशनं झाली, त्यामुळे कशामुळे काय झालं हे अशा नोंदींवरून ठरत नाही. विनाकारण कापू नये, एवढा बोध त्यातून घ्यावा. 'शक्ती कायमची जाते' हा नव्हे.

आवाज: काही दिवस नाकातून बोलल्यासारखा येतो, बहुतेकांचा जातो. टाळूत जन्मतः फट असेल तर मात्र धोका असतो, म्हणून डॉक्टर आधी टाळू तपासतात. भूल: ऑपरेशन साधारण अर्ध्या तासाचं, तोंडातून होतं, बाहेर टाका नाही. तान्ह्या बाळांना तासाभरापेक्षा कमी भूल दिल्यावर ती पाच वर्षांची होईस्तोवर पाहिलं, तरी बुद्धीत फरक आढळला नाही.

पैशाचा धंदा? असेलही कुठे कुठे, मी नाही म्हणणार नाही. तालुक्याच्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत तारीख देत असतील तर सेवाग्रामला जा, नागपूरच्या 'मेडिकल' किंवा 'मेयो' या सरकारी रुग्णालयांत जा, अकोला-यवतमाळला सरकारी महाविद्यालयं आहेत. तिथल्या पगारी डॉक्टरला एक ॲडेनॉइड जास्त काढून काही मिळत नाही. जाताना ज्या मोबाइलवर हा मेसेज आला, त्याच्यावरच लेकराच्या झोपेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, छाती दिसेल असा. कान तपासले का, स्प्रे देऊन पाहायचा का, श्वास खरंच थांबतो का, हे विचारा.

गंमत म्हणजे या ऑपरेशनचा जो खरा धोका आहे, त्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. तो म्हणजे नंतरचा रक्तस्राव. क्वचित होतो, आणि झाला तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत. शहरात राहणारा लगेच परत दवाखान्यात पोचतो; आपलं गाव पन्नास किलोमीटरवर, शेवटची एसटी गेलेली. म्हणून त्याच दिवशी सुट्टी देत असले तरी ती रात्र दवाखान्यातच काढू द्या, असं आधीच सांगून ठेवा. घरी आल्यावर लेकराच्या नाकातोंडातून ताजं लाल रक्त आलं, किंवा ते झोपेत सारखं काही तरी गिळताना दिसलं, तर बर्फ-हळद करत बसू नका, लगेच 108 ला फोन लावा. भाचीला हे सगळं सांगितलं. नवी तारीख घ्यायला ती सोमवारी जाते आहे, आणि मुक्कामाचं आधी विचारणार आहे.