कांडी की ताणा?

माझा रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, झपाझप." राहता कुठं, असंही विचारलं. "साखर पेठेत" म्हटल्यावर ते जे हसले, त्याची फी वेगळी घेतली नाही एवढंच.

लेकीनं घड्याळ आणून मनगटाला बांधलं. दहा हजार पावलं झाल्याशिवाय हे घड्याळ मला माणसात धरत नाही. पहाटे साडेपाचला मी सिद्धेश्वर तलावाकडं सुटायचो. कोपरं दुमडलेली, चेहरा भिशीवाला पळून गेल्यासारखा. कुणी हाक मारली तरी थांबायचं नाही, ठोके उतरतात. महिन्याभरात वजन अर्धा किलो उतरलं, पोटरी धरली आणि दोन ओळखीचे घरी येऊन बायकोला हळूच विचारून गेले, "सगळं ठीक आहे ना?"

असाच लंगडत परतताना शेजारचे अण्णा दारात दिसले. चाळीस वर्षं मागापाशी उभं राहून चादरी काढलेला माणूस. म्हणाले, "काय बे, कुठं पळलालास? उद्यापासून माझ्यासंगं चल."

गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजांच्या उंच काठ्या चार पावलं चालतात नि थांबतात, तशी अण्णांची चाल. पण नंदीध्वज अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा एका दिवसात उरकतात. अण्णांना कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत पाऊण तास लागतो. पहिल्या दिवशी मी सहा वेळा पुढं गेलो आणि सहा वेळा मागं आलो. घड्याळ खूश.

दहा हजारांचं हे खूळ आलं कुठून, तेही मी अण्णांना सांगितलं. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव आधी, डॉक्टर नंतर. अण्णा म्हणाले, "एप्रिलात सोलापुरात काढलं असतं तर तीनशेवर भागलं असतं."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका कारखान्यासमोर ते एकदम थांबले. आतली खटखट बंद पडली होती. "कांडी संपली," अण्णा म्हणाले, "धोट्यातला आडवा धागा." दहा सेकंदांत खटखट पुन्हा सुरू. पुढच्या गल्लीत एक माग थांबला तो थांबलाच. "हितं ताणा तुटला, उभा धागा. आता तो वाकून धागा हुडकतोय बघ." भिंतीपलीकडचा माणूस अण्णांना दिसत होता. मला इतकी वर्षं ती नुसती कटकट वाटायची. तक्रार करायलाही निघालो होतो एकदा.

आता मीही कान लावतो. झटपट सुरू झाला तर कांडी, लांबला तर ताणा. दहातले सहा बरोबर येतात. पोटरी सुटली आहे. साखरेचं पुढच्या महिन्यात कळेल.

परवा असेच उभे होतो. खटखट थांबली. मी मान तिरकी केली, मनात आकडे मोजायला लागलो. तेवढ्यात मनगट थरथरलं, 'उठा, जरा हालचाल करा.'

"गप बे," मी घड्याळाला म्हणालो, "ताणा तुटलाय."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग वर तारांकडं. "अख्खी गल्ली गप झाली की बे. लाइट गेली."