परतवाड्याचं तिकीट

दर 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडतोच. पाय नसलेला कोणीतरी डोंगर चढतोय आणि खाली ओळ, "याला जमतं, मग तुम्हाला का नाही?" मला राग येतो. चढणाऱ्याचा नाही, ओळ लिहिणाऱ्याचा.

आमच्या काकाजींचा उजवा हात कोपराखालून गेला, त्याला 14 वर्षं झाली. सोयाबीनचा हंगाम, रात्रीची वेळ, हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात, सोयाबीन सारताना बाही ओढली गेली. पुढचं सांगत नाही.

वर्षभरानं ते काकूसोबत पऱ्हाटीत कापूस वेचायला गेले. वेचाई किलोवर मिळते, हात मोजून नाही. पहिल्या दिवशी काकाजींचा कापूस भरला 8 किलो, काकूचा 35. ज्यांनी कापूस वेचलाय त्यांना ठाऊक आहे, एका हातानं फांदी धरायची आणि दुसऱ्यानं बोंडातून कापूस ओढायचा. एकच हात असला की कापसासोबत फांदीच येते, बोंडाची वाळकी टोकं बोटांत घुसतात, पाला चुरून कापसाला चिकटतो. असा कापूस पाहिला की व्यापारी भाव पाडतो.

काकाजींनी आधी वेळ बदलली. पहाटे दवानं पाला नरम असतो, चुरा होत नाही, म्हणून उजाडता उजाडता शेतात. मग कापूस टाकायची कमरेची ओटी डावीकडे सरकवली. मग उरलेल्या कोपरानं फांदी कमरेशी दाबून धरायला शिकले. हे सगळं एका दिवसात सुचलं नाही, तीन हंगाम गेले. तिसऱ्या हंगामात 22 किलोपर्यंत आले. 35 कधीच झाला नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण फोटोखालच्या ओळीत हे कधी नसतं. आणि ओटीची गाठ आजही काकूच बांधते.

कोणी त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं की ते म्हणतात, "जिद्द-गिद्द काई नाई रे बाप्पा. घरी बसलो असतो त खाल्लं काय असतं?"

माधान हे गाव अमरावती जिल्ह्यातलं, आमच्याच चांदूर बाजार तालुक्यातलं. तिथले संत गुलाबराव महाराज (1881-1915). तान्हे असतानाच दृष्टी गेली, आयुष्य जेमतेम 34 वर्षांचं आणि ग्रंथ शंभराहून जास्त. शाळेत आम्हाला हे "अंध असूनही" एवढ्याच सुरात सांगितलं गेलं. त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारे, ते सांगतील तसं लिहून घेणारे लोक होते, त्यांचं नावही कोणी काढलं नाही. काढलं असतं तर महाराजांची प्रज्ञा काही रतीभर कमी होत नव्हती. पण मी पोरवयात समजून बसलो की जे काही करायचं ते एकट्यानं, गुपचूप.

कारण मी बोलताना अडखळतो. शाळेत तोतऱ्याच म्हणायचे. "क" आणि "प"वर गाडी अडते. कॉलेजला परतवाड्याला जायचो, तर एसटीत कंडक्टरसमोर "परतवाडा" निघायचं नाही. मग अचलपूरचं तिकीट काढायचं आणि उरलेलं अंतर पायी तुडवायचं. दोन वर्षं चाललो असा. गंमत म्हणजे खंजिरीच्या भजनात मी कधीच अडखळलो नाही. ताल धरला की शब्द आपोआप येतो. अडखळणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच असतं.

एकदा वावरात काकाजी म्हणाले, "अक्षराले धक्के कायले मारतं बाबू? बोंडाले हिसका मारला त फांदी मोडते. आधी फांदी दाब, मंग ओढ." पुढे अमरावतीत एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनीही हेच शिकवलं, श्वास हळू सोडत अक्षर हलक्यानं सुरू करायचं, जोर लावायचा नाही. वर्षभर रोज सकाळी गोठ्यात म्हशीसमोर सराव केला. तिनं कधी हसून दाखवलं नाही. अडखळणं गेलेलं नाही, पण तिकीट परतवाड्याचं काढतो.

आता खरी गोष्ट. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. जुन्या सरकारी इमारतींत सगळ्यांना जाता येईल अशी सोय करायला 5 वर्षं दिली. नियम निघाले जून 2017 मध्ये, म्हणजे 2022 लाच मुदत संपली. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा, असा राज्य सरकारचा आदेशही आहे. आमच्या ग्रामपंचायतीला मात्र अजून पाच पायऱ्या आहेत. माझा पोलिओ झालेला वर्गमित्र तीनचाकी खाली उभी करतो आणि शिपाई रजिस्टर बाहेर आणतो. मागच्या 15 ऑगस्टला त्याच्या जिद्दीचा सत्कार झाला. शाल-नारळ पायऱ्यांखालीच दिला.

म्हणून गेल्या ग्रामसभेत मी उठलो. बोलायचं होतं पायऱ्यांबद्दल, म्हणजे पहिलंच अक्षर "प". अडकलो. लोक खाली पाहायला लागले, एकानं माझं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं. मागून काकाजींचा आवाज आला, "थांब रे तू. अन् तू घे टाइम बाबू, आमाले कोठी जायाचं हाय?"

बोललो पूर्ण. ठराव झाला. तीनचाकी वर नेता येईल अशा उताराच्या कामासाठी रेती येऊन पडलीय. सध्या तिच्यावर शेळ्या बसतात.